वजन कमी करायला घेतल्यावर ते किती वेगाने उतरते?

वजन कमी करण्याचा निश्चय केलेल्या माणसाचा पहिला आठवडा मोठ्या आनंदात जातो. साखर बंद, भात बंद, संध्याकाळची भेळ-भजी बंद, सकाळी चालणे सुरू. आठव्या दिवशी वजनकाट्यावर उभे राहावे तर थेट दोन किलो कमी. मग घरात हिशेब मांडला जातो: आठवड्याला दोन, म्हणजे महिन्याला आठ, म्हणजे दिवाळीपर्यंत जुने कपडे अंगात बसणार. दुसऱ्या आठवड्यात किलोभरच उतरते. तिसऱ्या आठवड्यात काटा हलत नाही आणि चौथ्यात दोनशे ग्रॅम वाढलेले दिसतात. आणि मग "आमच्या घराण्यातच आहे", "मला थायरॉईड असणार", "आपल्या अंगाला हे मानवत नाही" अशी वाक्ये सुरू होतात. बहुतेकांचा प्रयत्न इथेच सुटतो.

तुमच्यावर ही वेळ आली असेल, किंवा घरातल्या कोणावर आलेली तुम्ही पाहत असाल, तर आधी एक गोष्ट समजून घ्या. पहिल्या आठवड्यात उतरले ते वजन खरे होते, पण ती चरबी नव्हती. आणि तिसऱ्या आठवड्यात काटा अडला तेव्हा चरबी उतरायची थांबली नव्हती. वजनकाटा या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवू शकत नाही. तुम्ही मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेत असाल, तर हा फरक फक्त उत्साहापुरता नाही. तुमच्यासाठी पहिले पंधरा दिवस सर्वात सांभाळण्याचे असतात. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे. घाई असेल तर तो भाग आधी वाचा.

पहिले दोन किलो कुठून जातात?

ओतूर-आळेफाटा पट्ट्यातल्या शेतकऱ्यांना हे समजावणे सोपे आहे. उन्हाळी कांदा काढला, पात कापली, सुकवून चाळीत भरला. महिन्या-दीड महिन्याने तोच कांदा पुन्हा वजनाला लावला तर वजन कमी भरते. एकही कांदा सडलेला नसला तरी भरते. त्याला आपण घट म्हणतो. कांदा तेवढाच, त्यातले पाणी उडालेले. वजन कमी करायला घेतल्यावर पहिल्या आठवड्यात शरीराची जी घट होते, ती बरीचशी याच जातीची असते.

हे पाणी येते तीन ठिकाणांहून.

पहिले ठिकाण म्हणजे साखरेचा साठा. आपण खाल्लेल्या भात-भाकरीतली थोडी साखर शरीर यकृतात आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन या रूपात साठवून ठेवते. मोठ्या माणसात हा साठा साधारण अर्धा किलो असतो, पण तो कोरडा नसतो. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. म्हणजे अर्ध्या किलोच्या साठ्याबरोबर दीड किलो पाणी. तुम्ही जेवण कमी केले, विशेषतः भात, पोळी, साखर कमी केली, की शरीर आधी हा साठा वापरते. साठा घटतो आणि त्याने धरलेले पाणी लघवीवाटे निघून जाते. पहिल्या चार-पाच दिवसांत लघवीला जास्त जावे लागते ते यामुळेच. साठा पूर्ण रिकामा झाला तर एवढ्यावरच दोन किलो होतात.

दुसरे ठिकाण म्हणजे मीठ. दवाखान्यात लावतात त्या साध्या सलाईनच्या एक लिटरच्या बाटलीत ९ ग्रॅम मीठ असते. शरीरातले पाणीही साधारण त्याच खारटपणाचे ठेवावे लागते. फरसाण, शेव, पापड, लोणचे, खारे शेंगदाणे, हॉटेलची मिसळ हे बंद झाले की पोटात जाणारे मीठ एकदम कमी होते आणि त्याने अडवलेले पाणीही सुटते. पायावरची सूज, बोटात रुतलेली अंगठी, सकाळी जड वाटणारा चेहरा हे पहिल्या आठवड्यातच हलके होते. ते बरे वाटणे खरे आहे, पण ती चरबी नव्हे.

तिसरे ठिकाण म्हणजे आतडी. जेवण कमी झाले की आतड्यांमध्ये कोणत्याही क्षणी असणारे अन्न आणि मळही कमी असतो. त्याचाही काट्यावर फरक पडतो.

हे पाणी परत येते, आणि तितक्याच वेगाने येते. पंधरा दिवस नेमाने राहिलात आणि मग एखाद्या लग्नात मसालेभात, जिलेबी, मठ्ठा असे व्यवस्थित जेवलात, तर दुसऱ्या दिवशी काट्यावर दीड किलो वाढलेले दिसेल. एका जेवणात दीड किलो चरबी तयार होऊ शकत नाही. त्यासाठी रोजच्या खाण्यावर आणखी ११,००० हून जास्त कॅलरी लागतील. वाढते ते ग्लायकोजेन, मीठ आणि त्यांचे पाणी. दोन-तीन दिवस नेहमीसारखे जेवा, ते उतरते. "सगळी मेहनत पाण्यात गेली" असे म्हणून सोडू नका.

"सात दिवसांत सात किलो" अशा जाहिरातींमागचे रहस्यही तुमच्या लक्षात आले असेल. पहिल्या आठवड्यात कोणत्याही उपायाने वजन उतरते, कारण पाणी उतरते. त्यात जुलाबाचे किंवा लघवी वाढवणारे औषध मिसळलेले असेल तर आणखी उतरते. पाकिटावर घटकांची नावे नसलेली पावडर किंवा काढा कोणी कितीही ओळखीचा देत असला तरी घेऊ नका. मूत्रपिंडाला आणि शरीरातल्या पोटॅशियमला याचा फटका बसलेले रुग्ण आम्ही डॉक्टर पाहतो.

मग चरबी किती वेगाने उतरते?

एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. रोजच्या गरजेपेक्षा तुम्ही ५०० कॅलरी कमी घेतल्या तर आठवड्याला ३,५०० होतात, म्हणजे जेमतेम अर्धा किलो. या पुढचे सगळे आकडे या हिशेबाच्या आसपास फिरतात.

समजा एक ४५ वर्षांची गृहिणी आहे. उंची १५२ सेंटीमीटर, वजन ८२ किलो. तिने दिवसाचे पाच गोड चहा दोन बिनसाखरेच्या चहांवर आणले, भाकरी दोनाची एक केली, वाटी भरून उसळ किंवा पिठले घेऊ लागली, रात्रीचे जेवण लवकर आणि कमी केले, आणि रोज पाऊण तास चालू लागली. नेमाने चालले तर तिचे वजन साधारण असे उतरेल. पहिल्या आठवड्यात दीड ते अडीच किलो. दुसऱ्यात अर्धा ते एक. त्यानंतर आठवड्याला तीनशे ते पाचशे ग्रॅम, आणि मध्येच एखाद-दोन आठवडे काहीच नाही. पहिल्या महिन्याअखेर तीन ते चार किलो, तीन महिन्यांनी पाच ते सात, सहा महिन्यांनी सात ते नऊ. तुमची सुरुवात ११० किलोवर असेल तर आकडे मोठे असतील, ६५ किलोवर असेल तर लहान. पुरुषांचे सुरुवातीला सहसा थोडे जास्त उतरते, कारण त्यांच्यात स्नायू जास्त आणि म्हणून ग्लायकोजेनही जास्त. नवरा-बायकोने एकत्र सुरुवात करून रोज आकड्यांची तुलना करणे म्हणूनच बायकोवर अन्याय आहे.

सहा महिन्यांत आठ किलो ऐकून नाराज होऊ नका. ८२ किलोच्या माणसासाठी ते दहा टक्के झाले. पाच टक्के, म्हणजे तिच्या बाबतीत चार किलो उतरले तरी रक्तदाब, साखर, ट्रायग्लिसराइड यांत मोजता येण्याजोगा फरक पडू लागतो. गुडघ्यांना तर त्याहून आधी कळते. जिना चढताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, त्यामुळे चार किलोचा फरक गुडघ्यासाठी चार किलोचा राहत नाही.

आता तो ७,७०० चा हिशेब वर्षभर का टिकत नाही ते पाहू. कागदावर रोज ५०० कॅलरी कमी म्हणजे वर्षाला जवळजवळ २४ किलो. हा सरळ गुणाकार १९५८ मध्ये मॅक्स विश्नोफ्स्की या अमेरिकन डॉक्टरांनी मांडला आणि पुढची पन्नास वर्षे आहाराच्या पुस्तकांत तो जसाच्या तसा उतरत राहिला. प्रत्यक्षात शरीर गुणाकाराप्रमाणे वागत नाही. वजन कमी झाले की तेवढे शरीर चालवायला इंधनही कमी लागते, जसे रिकाम्या ट्रॉलीला भरलेल्या ट्रॉलीपेक्षा डिझेल कमी लागते. शिवाय शरीर आपणहून थोडी काटकसर करते आणि भूक वाढवते. अमेरिकेतले शास्त्रज्ञ केविन हॉल यांनी २०११ मध्ये हे सगळे धरून नवा हिशेब मांडला. त्यानुसार आहारात कायमचा बदल केला तर त्यातून उतरणाऱ्या एकूण वजनापैकी निम्मे पहिल्या वर्षात उतरते आणि जवळजवळ सगळे उतरायला तीन वर्षे लागतात. म्हणजे ५०० कॅलरींचा बदल नेमाने टिकवला तर वर्षाला २४ नाही, त्याच्या निम्म्याच्या आसपास. वर्षाच्या उत्तरार्धात वेग मंदावणे हा शरीराचा नियम आहे. त्याला तुमचा आळस म्हणू नका.

सडपातळ माणसाचा प्रश्न

"माझे वजन तर ६४ किलोच आहे, तरी डॉक्टर कमी करायला सांगतात" अशी तक्रार आपल्या भागात नेहमी ऐकू येते. याचे उत्तर पुणे जिल्ह्यातच शोधले गेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण आपल्या बाळांमध्ये कमी होते ते मुख्यतः स्नायू आणि पोटातले अवयव. चरबी त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणारे, पण आतून चरबीचे प्रमाण जास्त असलेले शरीर आपल्याकडे जन्मापासून असू शकते, असा त्याचा अर्थ.

२००४ मध्ये डॉ. याज्ञिक यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, तर युरोपीय लोकांसाठी हेच आकडे २५ आणि ३० आहेत. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या पुढे गेला तर काटा काहीही सांगो, लक्ष द्यायला हवे.

वेगाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की तुमचे वजन मुळात ६४ किलो असेल तर आठवड्याला किलोभर उतरण्याची अपेक्षाच ठेवू नका. दोनशे-तीनशे ग्रॅम पुष्कळ झाले. तुमच्या बाबतीत कंबरेची टेप वजनकाट्यापेक्षा जास्त खरे बोलते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता दर पंधरा दिवसांनी मोजा.

भराभर उतरवावे की हळूहळू?

"पटकन उतरलेले पटकन परत येते" हे आपण सगळेच ऐकत आलो आहोत. पुरावा इतका सरळ नाही. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये २०० लठ्ठ लोकांचे दोन गट केले होते. एकाने १२ आठवड्यांत, दुसऱ्याने ३६ आठवड्यांत वजनाचे १५ टक्के उतरवायचे होते. २०१४ मध्ये निष्कर्ष छापले गेले. भराभर उतरवणाऱ्या गटातल्या जास्त लोकांनी लक्ष्य गाठले. तीन वर्षांनी दोन्ही गटांत उतरलेल्या वजनापैकी सुमारे ७१ टक्के परत आले होते. म्हणजे सुरुवातीचा वेग कोणताही असो, नंतरची दोन-तीन वर्षे काय करता त्यावर सगळे ठरते.

ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' या अभ्यासात मधुमेह होऊन सहा वर्षांपर्यंत झालेल्या रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला फक्त सव्वाआठशे ते साडेआठशे कॅलरींचा पातळ आहार दिला. वर्षाअखेर जवळपास निम्म्या, ४६ टक्के, रुग्णांचा मधुमेह गोळ्यांशिवाय आटोक्यात होता. १५ किलो किंवा जास्त उतरवलेल्यांमध्ये तर ८६ टक्क्यांचा. वर्तमानपत्रात एवढेच छापून येते. छापून येत नाही ते असे, की या रुग्णांच्या मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी बंद केल्या होत्या आणि पुढे नियमित तपासणी होत होती. तोच आहार घरच्या घरी, गोळ्या चालू ठेवून केला तर तो धोका आहे.

आपल्याकडे दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत गावोगाव पोचली आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी व्याख्यानांतून ती मांडली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तिचा मोठा प्रचार केला. दोन जेवणे, प्रत्येक ५५ मिनिटांच्या आत, मध्ये काही नाही, आणि रोज ४५ मिनिटे चालणे. माझे मत विचाराल तर ज्यांचे दिवसभर चहा-बिस्किट-फरसाण चालू असते त्यांना ती मानवते, कारण मधले खाणे एका झटक्यात बंद होते आणि कॅलरी मोजत बसावे लागत नाही. पहिल्या पंधरवड्यातले तिचे आकडेही वर सांगितल्याप्रमाणे बरेचसे पाण्याचेच असतात. मात्र इन्सुलिन किंवा साखर पाडणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी ही पद्धत डॉक्टरांना न विचारता सुरू करू नये.

आठवड्याला दीड किलोहून जास्त वेगाने, आणि असे कित्येक आठवडे वजन उतरत राहिले तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. दोन-तीन महिन्यांनी केस मूठभर गळू लागतात. ते बहुतेकदा परत येतात, पण घाबरायला होते. चरबीबरोबर स्नायूही जातात. आपल्याकडे मुळात स्नायू कमी, म्हणून हे नुकसान आपल्याला जास्त भोवते. यावर उपाय म्हणजे प्रथिने. वजनाच्या दर किलोला रोज साधारण एक ग्रॅम प्रथिने पोटात गेली पाहिजेत: मटकी, हरभरा, डाळ, दूध, ताक, अंडी, मासे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मासवडी-रस्सा सोडायला मी सांगणार नाही. बेसन तिच्यात आहेच. तिळा-खोबऱ्याचे सारण आणि वरचे तेल किती, एवढेच पाहा.

गोळ्या चालू असतील तर

मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल आणि तुम्ही अचानक जेवण निम्मे केले, तर औषध पूर्वीइतकेच आणि साखर मात्र कमी, अशी अवस्था होते. बऱ्याच एकत्रित गोळ्यांमध्ये मेटफॉर्मिनच्या जोडीला ग्लिमेपिराइड असते, त्यामुळे "मी फक्त एकच गोळी घेतो" यावर विसंबू नका. पाकिटावरचे नाव वाचा किंवा मेडिकलवाल्याला वाचायला सांगा. साखर उतरली की दरदरून घाम, हात थरथरणे, छातीत धडधड, एकदम भूक आणि मग बोलण्यात गोंधळ दिसतो. लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या आणि पंधरा मिनिटांनी साखर तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. घरातल्या सगळ्यांना हे माहीत हवे, कारण त्या क्षणी रुग्णाला स्वतःला सुचत नसते.

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्या चालू असताना कडक उपास किंवा भात-भाकरी पूर्ण बंद केली तर रक्तात आम्ल वाढण्याचा गंभीर प्रकार होऊ शकतो, आणि तेव्हा ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेली दिसत नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणे दिसली तर "उपासाने पित्त झाले" म्हणून घरी थांबू नका.

रक्तदाबाच्या गोळ्यांचेही तसेच. पहिल्या पंधरवड्यात मीठ आणि पाणी दोन्ही कमी होते, त्यामुळे तीच गोळी जास्त लागू पडते. उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर रक्तदाब मोजून घ्या. ३० वर्षांवरील सर्वांचा रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. गोळी स्वतःहून बंद करू नका आणि चक्कर येत असताना रेटूही नका. सुरुवात करण्याआधीच डॉक्टरांना एकदा सांगितलेत की डोस कसा कमी करायचा ते ठरवता येते.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढत्या वयाची मुले आणि सत्तरीपुढची माणसे यांनी असा प्रयत्न आपल्या मनाने करूच नये.

काटा अडला की

आधी मोजण्याची पद्धत तपासा. दवाखान्यातला काटा, किराणा दुकानातला काटा आणि घरचा काटा यांची तुलना करू नका. एकच काटा, फरशीवर सपाट ठेवलेला, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, हलक्या कपड्यांत. रोज पाहिलेत तरी चालेल, पण लिहून ठेवा आणि आठवड्याच्या सरासरीची मागच्या आठवड्याशी तुलना करा. पाळीच्या आधीच्या दिवसांत बायकांचे वजन पाण्यामुळे एक-दोन किलोने वाढू शकते. तेव्हा गेल्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी तुलना करा. नव्याने व्यायाम सुरू केल्यावर दुखणारे स्नायूही काही दिवस पाणी धरून ठेवतात. चार आठवडे सरासरी आणि कंबर दोन्ही जागची हलली नाहीत, तरच खरा अडथळा आहे असे धरा.

खरा अडथळा बहुतेकदा ताटात असतो. महिन्याभरात भाकरी पुन्हा दीड होते, मुलांच्या ताटात उरलेले टाकवत नाही म्हणून खाल्ले जाते, साखर "अर्धाच चमचा" म्हणत परत येते. श्रावण हा यातला सर्वात फसवा महिना. कपर्दिकेश्वराच्या यात्रेचा सोमवार असो वा एकादशी, दिवसभर उपास आणि सोबत शेंगदाण्याचे कूट आणि तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी. भरलेल्या बशीत सहज दोन भाकऱ्यांइतक्या कॅलरी असतात, प्रथिने जवळजवळ नाहीत, आणि दोन तासांत पुन्हा भूक. उपास करायचा तर भगर-ताक, रताळे, दूध, फळ यांवर करा.

"मी दिवसभर शेतात राबते, मला चालायची काय गरज?" कांदा लावणीच्या किंवा काढणीच्या दिवसांत खरोखरच गरज नाही. पण ते दिवस वर्षातले किती? नांगरणी-पेरणी ट्रॅक्टरवर, पाणी मोटारीवर, बाजाराला गाडीवर. भूक मात्र काढणीच्या दिवसांतलीच राहिलेली असते. चालण्याकडूनही जास्त मागू नका. ८० किलोच्या माणसाने पाऊण तास चालून ज्या कॅलरी जळतात त्या एका वडापावाइतक्याही नसतात. चालण्याचा खरा उपयोग स्नायू टिकवायला, साखर आटोक्यात ठेवायला आणि उतरलेले वजन परत येऊ न द्यायला होतो.

आणि चालायचे तर उजाडल्यावर. भल्या पहाटे अंधारात एकट्याने उसाच्या कडेने चालण्याचा सल्ला पुण्या-मुंबईच्या पुस्तकात ठीक आहे, जुन्नर तालुक्यात नाही. बिबट्याच्या भागात दिवस वर आल्यावर, दोघा-तिघांनी मिळून, शाळेच्या मैदानावर किंवा वस्तीतल्या रस्त्यावर चाला. कल्याण-अहिल्यानगर महामार्गाच्या कडेनेही नको.

इंजेक्शनने लवकर उतरते का?

टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड ही वजन उतरवणारी इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात आली आणि आता तालुक्याच्या ठिकाणीही त्यांची विचारणा होते. गंमत अशी की यांची सुरुवात मुद्दाम संथ असते. मळमळ-उलट्या टाळण्यासाठी डोस महिन्या-महिन्याने वाढवतात. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या अभ्यासात ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले. इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात त्यातले दोन-तृतीयांश परत आले. ज्यांना वैद्यकीय गरज आहे त्यांच्यासाठी ही चांगली औषधे आहेत. लग्न दोन महिन्यांवर आले म्हणून घ्यायची औषधे नाहीत.

वजन आपोआप उतरत असेल तर

खाण्यात बदल केला नाही, चालणे वाढवले नाही, तरी सहा ते बारा महिन्यांत वजनाचे पाच टक्के उतरले, म्हणजे ७० किलोचे ६६ झाले, तर लोक "बरे झाले, उतरतेय" म्हणून खूश होतात. तसे करू नका. वाढलेली साखर, क्षयरोग, थायरॉईडचा अतिरेक, कर्करोग, नैराश्य यांपैकी काहीही असू शकते. तहान आणि लघवी वाढली असेल, दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा संध्याकाळचा बारीक ताप असेल, गिळताना अडकत असेल, शौचावाटे रक्त जात असेल, तर महिना संपायची वाट पाहू नका. प्रयत्न करूनही चार-सहा महिन्यांत काहीच फरक पडला नसेल तर त्यासाठीही एकदा दाखवा. जाताना वजनाची वही, कंबरेची मापे आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत घ्या, आयुर्वेदिक काढे आणि पावडरीसुद्धा.